न धुतलेली हरभऱ्याची भाजी

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर, तिसरा रविवार. स्वयंपाकाचा रोख खर्च चाळीस रुपये, तोही लसणाचा. हरभऱ्याची भाजी रानातली, म्हणून फुकट. घरी मी, माझी बायको, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी. भाऊ जालना एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला आहे. सुट्टीला तिघं भोकरदन तालुक्यात धावड्याच्या बाजूला, आमच्या गावी आले होते.

शेंडे भावजयीने दुपारी बांधापलीकडच्या रानातून खुडून आणले. आमच्याकडे फूल लागायच्या आधी कुणाच्याही हरभऱ्याचे शेंडे कुणीही खुडावेत, विचारायची पद्धत नाही. खुडल्याने झाड जास्त फुटतं. आणि ही भाजी धूत नाहीत. पानावर आंबट खार असतो, त्याला आंब म्हणतात; ती पाण्यात गेली की चव गेली. बायकोने शेंडे नुसते झटकले, बारीक चिरले, शिजवले, ज्वारीचं पीठ लावून घोटले आणि वरून लसूण-मिरचीची फोडणी दिली. अंगणातल्या चुलीवर पातेलं रटरटत होतं. भावजय काठवटीत भाकरी थापत होती.

त्या रानाचा मालक अंगणात आला तो चपलांसकट. साठीतला माणूस, तोंडाचा फटकळ. आम्ही त्याला तात्या म्हणतो.

"कुणाच्या बापाचं रान समजलं रे? कंपनीचा बियाण्याचा प्लॉट हाय तो. माणसं हायेत का ढोरं?"

"तात्या, दोन मुठी शेंड्याला एवढं?" भावजय म्हणाली. "बसा, भाकर खाऊन जा."

"ह्ये खाऊ?" म्हणत त्याने पातेल्याला लाथ घातली. उकळती भाजी तिच्या पायावर गेली. ती पाय धरून खाली बसली. कातडी डोळ्यांदेखत पांढरी पडली.

भावाने चुलीजवळची लोखंडी फुंकणी उचलली. पहिला घाव तात्याच्या मनगटाच्या वर बसला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला. दुसरा पाठीत. मी मध्ये पडलो तर तिसरा माझ्या खांद्यावर. तात्या काठवटीवर कोसळला, भिजवलेल्या पिठात नाकातलं रक्त मिसळलं. भाऊ त्याच्या छातीवर बसून तोंडावर ठोसे मारत राहिला. मी त्याचे केस धरून ओढत होतो, तरी तो उठेना.

"फवारेल हाय," तात्या खालून म्हणाला. "सकाळीच फवारलं. अळीचं औषध."

भावाचा हात थांबला. बायकोने पोरीकडे पाहिलं. मीठ बरोबर आहे का बघायला तिनेच पोरीला भाकरीचा तुकडा भाजीत बुडवून दिला होता. तो पोरीच्या हातात उरला नव्हता.

भावाने पोरीला मांडीवर पालथं धरलं आणि तिच्या घशात बोटं घातली. ती कचकन चावली. बोट रक्ताळलं, तरी त्याने काढलं नाही. ती हिरवं ओकली. मग मोटारसायकलवर भाऊ पुढे, पोर मध्ये, मी मागे, असं आम्ही भोकरदनचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तिच्या नाकातून नळी घातली तेव्हा ती लाथा झाडत होती. मी तिचे दोन्ही हात पलंगावर दाबून धरले. इतक्या लहान हाताला एवढा जोर असतो हे मला तेव्हा कळलं.

मागून कुणाच्या तरी जीपमधून भावजय आणि तात्या एकाच बाकावर बसून आले. तिचा पाय ओल्या फडक्यात, त्याचा हात गळ्यात बांधलेला.

"तात्या, आधी सांगायला काय झाल्तं?" भावाने विचारलं.

"सांगू देलं का तू?"

"शिव्या द्यायला बराबर टाइम भेटला."

तात्या म्हणाला, "प्लॉटचा राग आल्ता. औषध ध्यानात व्हतं. पण तोंडातून आधी शिव्याच निघाल्या."

"मंग फवारल्याची खूण म्हणून बांधाला चिंधी का न्हाई बांधली?" भावजय म्हणाली. "मला वास आल्ता. वाटलं, बाजूच्या कपाशीचा असंल."

"ऱ्हायली बांधायची."

लाथ शेंड्यांसाठी मारली की औषधासाठी, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. बायको त्यात पडत नाही. "पातेलं सांडलं ना, बस," एवढंच म्हणते. ती आता भाजी तीन पाण्यांनी धुते आणि चव लागत नाही म्हणून कुणी कुरकुरलं तर ताट उचलून नेते.

अंधार पडायच्या आत डॉक्टर म्हणाले, धोका टळला. पोरीने भाकर मागितली. भाऊ बाहेर पायरीवर जाऊन बसला आणि त्याच फाटक्या बोटाने तोंड पुसत रडला.

दवाखान्यात पोलिसाने विचारलं तेव्हा तात्या म्हणाला, बांधावरून पडलो. भावजय म्हणाली, पातेलं माझ्या हातून सुटलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. पैसे तात्याने मागितले नाहीत आणि हातात दिले असते तर घेतले नसते. म्हणून एक्स-रे, हाड बसवणं आणि प्लास्टर मिळून नऊ हजार सहाशे रुपये मी जालन्यातल्या हाडाच्या डॉक्टरांना रोख दिले.