आधी बी.ए., मग दहावी

माझ्या बायकोच्या मामांइतका शिस्तीचा विद्यार्थी मी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही, आणि इतका अवघडही. नागापूरच्या एमआयडीसीत ते लेथ मशीन चालवत. शाळा सातवीतच सुटलेली. आईवडील ऊसतोडीला निघाले की पोरांचं दप्तर खुंटीला. बावन्नाव्या वर्षी त्यांना कळलं, की पूर्वतयारीची परीक्षा दिली तर दहावी-बारावीशिवायही मुक्त विद्यापीठातून बी.ए. करता येतं. केडगावच्या केंद्रावर रविवारी इतिहास शिकवायला नेमका मीच. घरी ‘जावईबापू’ म्हणून माझं पान आधी वाढायला लावणारे मामा वर्गात मी आलो की उभे राहत, ‘सर’ म्हणत, आणि नात्याचा सुगावा कुणाला लागू देत नसत.

उत्तरं मात्र ते लेथवर पार्ट काढावा तशी लिहीत. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं वीस ओळींत मागितली, तर यांच्या चार. “माप आलं की थांबायचं. उगं घासत बसलं की माल वाया जातो,” हे वर. पहिल्याच स्वाध्यायात मी त्यांना नापास केलं. घरात महिनाभर माझ्याशी कुणी धड बोलेना. शेवटी मामाच माझ्या बायकोला म्हणाले, “पास केलं असतं ना, तर मी तिथं पुन्ना गेलोच नसतो.” मग ते लांब लिहायला शिकले, आणि बी.ए. झाले.

एम.ए.साठी आम्ही एका कॉलेजात गेलो. खिडकीतल्या बाईंनी पदवी पाहिली आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिका मागितल्या. त्या नाहीत म्हटल्यावर फॉर्म परत सरकवला. मी भांडायला लागलो, तर मामांनी माझा दंड धरला. “राहू द्या. खालच्या पायऱ्या राहिल्यात, त्या चढून येतो.” घरी गाडीवरून उतरल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

त्यांनी खरंच बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. मार्चमध्ये दहावीच्या पहिल्या पेपरला मीच त्यांना सोडायला गेलो. फाटकावरची तरुण शिक्षिका म्हणाली, “पालकांनी बाहेरच थांबायचं.” मामांनी खिशातून हॉलतिकीट काढून तिच्यापुढे धरलं. ती ओशाळली, बाजूला झाली. पोरापोरींच्या घोळक्यातून ते पांढरं डोकं आत गेलं.

मी शिकवतो त्या कॉलेजात माझा तास होता, पण पाय निघेना. भिंतीच्या सावलीत पालक बसले होते. एका बाईंनी विचारलं, “तुमचं कोण हाय आत? मुलगी?”

“नाही. आमचे मामा.”

त्या हसल्या नाहीत. मांडीशेजारची पिशवी उचलून त्यांनी मला सावलीत जागा करून दिली.