काठोकाठ गिअर ऑइल

आमच्या साडूंना कुठे थांबावं ते जन्मात कळलं नाही. चहा ओततील तो बशीत उतरेपर्यंत, पिशवी भरतील ती बंद तुटेपर्यंत. मी त्यांना 'काठोकाठ' म्हणतो. तोंडावर म्हटलं तरी चालेल, त्यांना ते कौतुकच वाटेल.

त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, शाळेचे गणवेश शिवते. पन्नाशीत ती लहानशी स्कूटर शिकली आणि शिवलेले गठ्ठे स्वतः दुकानात पोचवू लागली. तेव्हापासून साडूंच्या पोटात दुखायला लागलं. बायकांच्या हातात यंत्र टिकत नाही, हे पालुपद सुरू झालं.

या स्कूटरला चालवताना गिअर बदलावे लागत नाहीत, तरी मागच्या चाकापाशी गिअरची पेटी असते. तिला घोटभर तेल लागतं. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करायची, बोल्ट काढायचा, भोकाच्या कडेला तेल आलं की हात आवरायचा. शेंबड्या पोराला जमेल असं काम. पण साडू म्हणजे साडू.

एके दिवशी ते स्वतःच पेटीत तेल भरायला बसले. मी शेजारीच खुर्ची टाकून बसलो होतो. भोकातून तेल ओघळलं.

"पुरे हो साडूभाऊ, भरली पेटी."

"भरली कशी? बाटली अजून अर्धी आहे."

"बाटली भरणाऱ्याने तुमच्या गाडीला विचारलं नव्हतं."

"तुम्ही जन्मभर सायकल हाणलीत, तुम्ही नका बोलू."

मग या विद्वानाने भोक वर येईल अशी गाडी भिंतीला कलती केली, उरलेलं तेल आत रिचवलं आणि हात असे पुसले, जणू मोठं ऑपरेशन करून आले.

आठवड्यात मागचा ब्रेक लागेना. मेहुणी दुकानाच्या पायरीवर आदळता आदळता वाचली. साडू खुलले. "बघा, मी सांगत नव्हतो?" लगेच गाडीला गिऱ्हाईकही बोलावलं.

मेहुणी हळूच म्हणाली, "भाऊजी, गाडी गेली की यांची मर्जी होईल तेव्हा माझे गठ्ठे हलायचे."

मी साडूंना म्हटलं, "अहो, तुमचं तेल ब्रेकवर उतरलंय."

"तेल गिअरचं, ब्रेकचा संबंध काय? हिला दाबताच येत नाही. थांबा, दाखवतो."

गिऱ्हाइकासमोर स्वारी उताराला लागली. पुढचा ब्रेक साडू कधी दाबत नाहीत, माणूस तोंडावर पडतो म्हणे. मागचा दाबत दाबत ते थेट बांधकामाच्या वाळूच्या ढिगात शिरले. तोंडावर पडले ते पडलेच. लागलं काहीच नाही, नाहीतर मी हसलो नसतो.

मेकॅनिकने चाक उघडलं. ब्रेक तेलात न्हालेला. "पेटीत जास्त झालं, सीलमधून बाहेर आलं. भरलं कोणी?"

साडू कानातली वाळू काढत म्हणाले, "तेलच हलकं निघालं."

मेहुणीने त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली. गिऱ्हाइकाला म्हणाली, "विकायची नाही."

हल्ली साडू मांडीवर गठ्ठा घेऊन तिच्या मागे बसतात. उतार आला की ती गाडी थांबवते. "उतरा, वजन जास्त होतंय." मग ते गठ्ठा डोक्यावर घेऊन चालत उतरतात. तो उतार माझ्या दारावरून जातो. मी त्या वेळेला कुठेही जात नाही.