सुट्टीच्या दिवशी एक गोळी

आमच्या दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये ‘तक्रार’ आणि ‘उपचार’ असे दोनच रकाने होते. तिसरा हवा होता राव! पेशंट जाता जाता दारात थबकून जे बोलतो, ते कुठं लिहायचं? जागाच नव्हती, म्हणून ते सगळं माझ्या डोक्यात साठत गेलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. उष्ण प्रदेशांतल्या रोगांचा अभ्यास करून मी विलायतेतून नुकताच परतलो होतो, आणि देश निरोगी करायची सुरुवात पिंपरीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यापासून करणार होतो. कारखाना खोबरेल काढायच्या मशिनी बनवायचा. त्या आफ्रिकेजवळच्या एका बेटावर जायच्या, आणि बसवायला आमची माणसं जायची. आधीच्या तुकडीतला एक जण हिवतापानं इतका खंगून आला, की बायकोनं त्याला आवाजावरून ओळखलं.

नव्या तुकडीत तिघं होते. चऱ्होलीचा क्वालिटी इन्स्पेक्टर दत्तोबा, पिंपरीचा वेल्डर गायकवाड आणि कोकणातला फिटर साळवी. दत्तोबाची बायको शांताबाई थेट दवाखान्यातच आली.

“डाक्टर, तुमी सांगाल तसं ह्ये वागत्याल. पर मानूस धडधाकट परत पायजे. जमत नसंल तर आत्ताच यादीतनं नाव काढा.”

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. वय अठ्ठावीस. त्या वयात शब्द द्यायला काही लागत नाही!

*

कॅन्टीनमध्ये मी आरोग्याचा वर्ग सुरू केला. भिंतीवर हे एवढं मोठं डासाचं चित्र टांगलं. साचलेली डबकी, उघडी गटारं, माशा बसलेलं खाणं, न उकळलेलं पाणी... त्या बेटावर धोका कुठून कुठून येईल, ते तासभर तळमळून सांगितलं. शेवटी विचारलं, “काही शंका?”

गायकवाड उठला. “सर, हे सगळं इथल्या कासारवाडीत पण आहे. मग आम्ही तिकडं धोक्यात चाललोय, का इथून सुटतोय?”

*

दुसऱ्या दिवशीचा विषय जुलाब. म्हटलं, पाणी उकळून गार करा. एक लिटरमध्ये सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

दत्तोबाचं सगळं आयुष्य मापं तपासण्यात गेलेलं. त्यानं हात वर केला. “चमचा सपाट का शिगेचा?”

“सपाट.”

“कमी-जास्त, प्लस-मायनस किती चालंल?”

विलायतेत हे कुणी विचारलंच नव्हतं!

दत्तोबानं मशिनीच्या आराखड्यावर मारतात तसा शेरा शांतपणे वहीत मारला, ‘ड्रॉइंग अपुरं.’

*

साळवी वर्गात मागे बसून नुसता हसायचा. “डॉक्टर, समुद्राचं मला काय शिकवता? आमच्या मागच्या दारी समुद्र!” अनवाणी पाण्यात उतरू नका, हा माझा मुद्दा त्यानं हातानंच उडवून लावला.

महिन्याभरानं गायकवाडचं पत्र आलं. ‘साळवीचा पाय पाण्यातल्या काटेरी प्राण्यावर पडला. चिमट्यानं अकरा काटे काढले, तुमच्या सांगण्याप्रमाणे जखम धुतली. आता बरा आहे. फक्त जेवताना समुद्राकडे पाठ करून बसतो.’

*

पण त्याच पत्राच्या शेवटच्या दोन ओळींनी माझी झोप उडवली!

हिवताप होऊ नये म्हणून आठवड्याला एक गोळी घ्यायची होती. वार विसरतात लोक. आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, तिकडं कधी असेल कोण जाणे. म्हणून मी सोपं करून सांगितलं होतं, “सुट्टीच्या दिवशी एक गोळी.” निघण्याआधीच्या गुरुवारी पहिली गोळी, दवाखान्यातल्या बाटलीतली, माझ्यासमोरच घेतली होती तिघांनी.

पत्रात होतं, ‘ओव्हरटाइम जोरात आहे. आल्यापासून एकही सुट्टी झालेली नाही. त्यामुळे गोळ्यांची बाटली अजून उघडली नाही.’

माझ्या डोळ्यांसमोर शांताबाई उभी राहिली. पत्र पोचायला किती दिवस लागतील याचा भरवसा नव्हता. धावत जाऊन तार केली, “ताबडतोब सुट्टी घ्या.”

तिसऱ्या दिवशी वर्क्स मॅनेजरांनी बोलावलं. तिकडचं काम एक दिवस बंद पडलं होतं. “डॉक्टर, तुम्हाला माणसं आजारी पडू नयेत म्हणून ठेवलंय, का त्यांनी काम करू नये म्हणून?”

मी सगळा खुलासा केला. तेवढ्यात शिपाई उलट तार घेऊन आला. मॅनेजरांनी ती वाचली आणि माझ्याकडे सरकवली.

“गोळी उत्तम लागू पडली. रोज घेतली तर चालेल का?”

*

तिघं परत आले. वजन, रक्त, हिवतापात सुजते ती पाणथरी, सगळं तपासलं. एकदम ठणठणीत! शांताबाईनं पेढे दिले. पुढचे पंधरा दिवस मी छाती पुढे काढून चालत होतो.

सोळाव्या दिवशी शांताबाई पुन्हा आली. बरोबर आळंदीहून आलेली तिची आई, आईच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या, आणि दोघींच्या मागे खाली मान घातलेला दत्तोबा.

जावई बेटावरून आला म्हणून सासूनं जेवण घातलं होतं. दत्तोबानं आधी पाणी किती मिनिटं उकळलं ते विचारलं. सासू म्हणाली, “उकळायचं कशाला?” कारखान्यात नापास मालावर लाल खडूनं फुली मारतात. ह्या पठ्ठ्यानं खिशातून खडू काढला आणि पंगतीसमोर सासूच्या माठावर फुली मारली!

“ह्या पान्यावर माझी चार लेकरं वाढली,” म्हातारी कडाडली. “ह्याला ही इद्या तुमी शिकिवली. आता ह्ये तुमी प्या, मंगच जावई माझा उंबरा चढंल. न्हाईतर पोरगी ऱ्हाईल माझ्यापाशी.”

तांब्या टेबलावर आला. पाण्यात काहीतरी बारीक पोहत होतं.

“प्या डाक्टर,” शांताबाई हळूच म्हणाली. “माझा संसार हाय.”

त्यांच्या पाठीमागून दत्तोबा जिवाच्या आकांतानं नको नको म्हणून मान हलवत होता.

मी डोळे मिटले आणि तांब्या रिकामा केला.

“आता कसं!” म्हातारी म्हणाली, आणि जावयाच्या पाठीवर थाप मारून त्याला घेऊन गेली.

तीन दिवस दवाखाना बंद राहिला. चौथ्या दिवशी सकाळी भिंतीला धरत धरत पोचलो, तर दारावर लाल खडूची ही एवढी मोठी फुली होती.