पाळीवरचा माणूस

देश स्वतंत्र झाल्यावर वर्षभरात मी नोकरीसाठी एकटाच रंगूनला निघालो. कलकत्त्याच्या गाडीत गोंदियाला एक म्हातारा शेतकरी चढला. जागा असूनही तो बसेना. सारखा दारापर्यंत जायचा, बाहेरचे तलाव बघायचा, परत यायचा. मी कुठे निघालो ते कळल्यावर मात्र समोर येऊन टेकला.

"मीबी गेलो होतो रंगूनले. भावाले पाहाले. लढाईपासून त्याचा पत्ता नाई."

"कुठे शोधलंत?"

"कोठं शोधू? ना बोली समजे, ना रस्ते. तेथं मोठा तलाव आहे, त्याच्या पाळीवर, बांधावर, फिरत राहिलो. आमी तलाव बांधणारे लोक. आमचा माणूस कोठंबी असला तं सांजेले पाळीवर येते, अन् पाणी कोठून निघते ते वाकून पायते."

"आला?"

तो पुन्हा उठला. धोतराचा सोगा उगाच झटकला. "तुमी जाऊन राहिले तं पाहजा," म्हणाला आणि आमगावला उतरला. भावाचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

रंगूनमध्ये मला ओळखणारं कोणी नव्हतं. सुट्टीच्या दिवशी बाजार, बंदर पाहायला निघायचो, पण पाय कुठे टिकत नसत. संध्याकाळी तलावावर जाऊन येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे निरखायचो. एकदा पाणी कुठून निघतं ते बघायला मीच काठाशी वाकलो. मागे पावलं थांबली. वळून पाहिलं, तर एक अनोळखी माणूस माझ्या चेहऱ्यात कोणाला तरी शोधत होता. मग मान खाली घालून तो पुढे गेला.