डोली म्हणजे डोली

सोनकच्छच्या सरकारी शाळेत मी एकवीस वर्षं हिंदी शिकवते आहे. सकाळी देवासहून बस, संध्याकाळी परत. अकरावीला अलंकार आणि प्रतीकं शिकवायची तर पुस्तकातली उदाहरणं मुलांच्या डोक्यावरून जातात, म्हणून मी सिनेमातली जुनी गाणी घेते. नदीतली नाव म्हणजे आयुष्य, पिंजरा म्हणजे देह, डोली म्हणजे माणसाची शेवटची यात्रा. हे मी इतक्यांदा फळ्यावर लिहिलंय की खडू आपोआप चालतो.

माझ्या यजमानांना हे सगळं थोतांड वाटायचं. ते देवासच्याच एका कारखान्यात फिटर होते. घरी असले की रेडिओ चालू, गाणी सगळी पाठ, पण अर्थ काढायला बसलं की चिडायचे.

"नाव म्हणजे नाव," ते म्हणायचे. "त्याला दुसरं काही म्हणायचं असतं तर तेच म्हटलं असतं. तू उगाच पोरांना गोंधळात टाकतेस."

मागच्या वर्षी, निवृत्ती जवळ आलेली असताना, त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. समजत सगळं होतं, पण मराठी नाही, हिंदी नाही, एक शब्द येईना. तोंड उघडायचे, घशातून नुसता आवाज निघायचा, मग ते डोळे मिटून घ्यायचे.

दवाखान्यातून घरी आणल्यावर काही दिवसांनी शेजारच्या गॅलरीत रेडिओ लागला होता. मी कणीक मळत होते. आतून त्यांचा आवाज आला. गाणं म्हणत होते, शब्द स्वच्छ, अख्खं कडवं. मी तशाच हातांनी धावले.

"अहो, बोला ना," मी म्हटलं.

गाणं थांबलं आणि पुन्हा तोच घशातला आवाज.

इंदूरला बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्या म्हणाल्या, असं होतं कधी कधी. बोलणं अडतं तिथे गाणं अडत नाही. त्यांना गाऊ द्या.

मग ते गाऊनच मागायला लागले. कुठलं गाणं का, हे ओळखायचं काम माझं. पहिल्यांदा त्यांनी पिंजऱ्यातल्या पाखराचं गाणं धरलं. मी फळ्यावरचा अर्थ लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले, की यांना आता जगायचं नाही. त्यांना फक्त पलंगाला लावलेला लोखंडी कठडा खाली करून हवा होता. नाव किनाऱ्याला लागण्याचं गाणं म्हणजे ते घसरत पलंगाच्या कडेला आले होते. हे कळायला मला प्रत्येक वेळी अर्धा-अर्धा तास लागायचा.

मी शाळेत असताना शेजारच्या बाई त्यांच्याजवळ बसायच्या. एका संध्याकाळी बस वाटेत बंद पडली. उभ्याने दुसऱ्या बसमधून घरी आले, तर ते ढगाआडच्या चंद्राचं गाणं म्हणत होते. मी दिवा लावला. त्यांनी मानेनं नाही म्हटलं. पडदा सरकवला. नाही. पंखा, पाणी, चादर. नाही, नाही. गाणं पुन्हा पहिल्यापासून.

"दिवसभर शाळेत मी हेच करते," मी म्हटलं. "घरी येऊन पुन्हा हेच. मी थकलेय. काय हवंय ते सरळ सांगा, नाहीतर गप्प राहा."

ते गप्प राहिले. दोन दिवस एक ओळ नाही. मला लाज वाटत होती, पण खरं सांगायचं तर घर शांत होतं आणि मला झोप लागली. तिसऱ्या दिवशी त्यांचा चष्मा पुसायला घेतला, तर डाव्या काचेवर वरण वाळलेलं होतं. हाच तो ढग.

त्यानंतर वन्सं धारहून आल्या. यजमानांची थोरली बहीण. त्यांच्यासमोर कुणी मराठीत हिंदी मिसळली की त्या वाक्य दुरुस्त करतात. भाऊ हिंदी गाण्यांतून बोलतो, याचं त्यांना आजारापेक्षा जास्त वाईट वाटलं असावं.

एका दुपारी शाळेत त्यांचा फोन आला. "लवकर ये गं. तो डोलीचं गाणं म्हणतोय. सकाळपासून थांबत नाही."

ते गाणं मला ठाऊक होतं. नवरी डोलीत बसते, डोली उचलली जाते, अंगण मागे राहतं. अर्थ मीच दरवर्षी सांगते. बसमध्ये खिडकीशी बसून मी मनातल्या मनात कुणाकुणाला कळवायचं ते ठरवत होते.

घरी पोचले तर वन्संनी देवाजवळ निरांजन लावलं होतं आणि गंगेची लोटी उशाशी आणून ठेवली होती. यजमानांचा आवाज घोगरा झाला होता. चेहरा लाल. निरोप घेणारा माणूस इतका चिडलेला नसतो, असं मला वाटलं.

मी पलंगावर बसले. "डोलीत बसायचंय का?" मी विचारलं.

गाणं थांबलं.

"कुणी उचलून न्यायला हवंय? खाली जायचंय?"

त्यांनी डाव्या हाताची मूठ पलंगावर आपटली. एकदाच. मग मान हलवली, हो.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, जिना अरुंद. स्ट्रेचरवरून वर आणलं, तेव्हापासून तीन महिने त्यांनी रस्ता पाहिला नव्हता आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वन्संनी लोटी उचलून देवघरात नेली.

रविवारी सकाळी खालचा इस्त्रीवाला, कारखान्यातले दोन सोबती आणि समोरचा भाडेकरू असे चौघे आले. "भाभी, आप तो बस बोलो, ले चलते हैं भिया को," इस्त्रीवाला म्हणाला. हात असलेल्या खुर्चीला दोन बांबू बांधले. दोरी कुठे घट्ट करायची ते यजमान डाव्या बोटाने दाखवत होते, आणि एक गाठ त्यांनी सोडून पुन्हा बांधायला लावली.

"जिवंत माणसाला असं बांबूवर," वन्सं पुटपुटल्या, पण उशी घेऊन मागून उतरल्या.

ते अर्धा तास निंबाखाली बसले. समोर एक जण स्कूटर खोलून बसला होता, त्याच्याकडेच बघत होते. गायले नाहीत.

मग दर रविवारी खुर्ची निघू लागली. एका रविवारी माणसांना उशीर झाला. यजमान दाराकडे बघत होते आणि म्हणाले, "खाली." चाल नाही, सूर नाही, नुसता शब्द.

"मराठीत बोलला," वन्सं म्हणाल्या. "हिंदीत खाली म्हणजे रिकामं." आणि पदराने डोळे पुसले.

आता बरेच शब्द येतात. पाणी, उशी, नको. जसे शब्द आले तशी गाणी गेली. मला वाटलं होतं हलकं वाटेल, पण थकवा उतरला नाही. वन्सं धारला परत गेल्यात. देवासला बदलीचा माझा अर्ज कुठेतरी पडून आहे.

परवा मी शाळेतून आले आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून त्यांना पाणी द्यायला निघाले. ते म्हणाले, "तू बस. मी घेतो." डाव्या हाताने तांब्या उचलला. अर्धं पाणी टेबलावर सांडलं. मी पुसायला उठले नाही.