दुसरा कॅमेरा कायले?

माझा नवरा दोन वेळच्या चहात ठरला. फोटोवाला ठरायला मात्र दिवाळी उलटून गेली.

यात बाबांचा दोष नाही. त्यांना रुपये कळत नाहीत असंही नाही, पण खर्च त्यांना सोयाबीनच्या पोत्यांत सांगितला की नीट कळतो. मांडव एवढी पोती, आचारी तेवढी पोती, बँडवाले त्याहून थोडी कमी. माझा शालू खामगावातल्या दुकानात गादीवर पसरला तेव्हा त्यांनी काठावरून हात फिरवला, मनात हिशेब केला आणि म्हणाले, "हे तर अंगावर नेसाचं सोयाबीन झालं वं!" दुकानदाराला काही समजलं नाही. आई मात्र पदराआड हसत राहिली आणि त्याच हसण्याच्या भरात तिने शालू बांधायला सांगून टाकला.

सोयाबीन यंदा बरं झालं होतं, त्यामुळे बाबा कुरकुरत का होईना पण खर्च करत होते. फोटोसाठीसुद्धा त्यांनी स्वतःहून काही पोती वेगळी काढली, अर्थात मनातल्या मनात. अडचण अशी की ती पोती कशी खर्चायची यावर घरात प्रत्येकाचं मत होतं, आणि आमच्या पिंपळगाव राजात मत असलेला माणूस गप्प बसत नाही.

बाबांचं मत होतं, आहेराचे फोटो पाहिजेत. स्टेजवर येऊन ज्याने पाकीट दिलं, टॉवेल-टोपी दिली, नुसता नारळ दिला, त्या प्रत्येकाचा फोटो. उद्या कोणी म्हणायला नको की मी आलो होतो आणि मला अल्बमात घेतलं नाही. एका फोटोवरून आमच्या भाऊबंदकीत दोन घरांचं बोलणं बंद आहे, त्यामुळे हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

बाबांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, ड्रोन पाहिजे होतं. ही तीच आत्या, जिच्या तोंडी आमच्या घराण्याच्या सगळ्या रीती आहेत. हळद कोणी आधी लावायची, करवलीने कोणत्या हातात कलश धरायचा, कोणी काय पाहायचं नाही, सगळं तिला विचारायचं. पण तिच्या नणंदेच्या घरी लग्नात ड्रोन आलं होतं आणि ते पाहून आल्यापासून तिला चैन नव्हतं. "वरून मांडव कसा दिसते, पूर्ण गाव कसं दिसते! आपन का कमी हावोत काय?" असं ती येता-जाता म्हणे.

आणि मोताळ्याकडच्या माझ्या होणाऱ्या नवऱ्याला लग्नाआधीचं शूटिंग पाहिजे होतं, लोणारच्या सरोवरावर. मी लांबलचक गाऊन घालायचा, त्याचा घोळ कोणीतरी लांबून उडवायचा, मागून रंगीत धूर सोडायचा आणि त्या धुरातून हे चालत येणार. फोनवर हे सगळं ते इतक्या गंभीरपणे सांगत होते की मला हसू आवरेना. मी म्हटलं, "अहो, त्या धुरात तुम्हाला ठसका लागला तर?" पुढचे दोन दिवस मला त्यांच्याकडून नुसतं "ओके" येत राहिलं.

मला यातलं काहीच नको होतं. मला दुसरा कॅमेरा पाहिजे होता. मुख्य कॅमेरा स्टेजवर राहील तो राहील, पण त्याशिवाय आणखी एक माणूस, आणखी एक कॅमेरा.

"दुसरा कॅमेरा कायले?" बाबा म्हणाले. "नवरी एकच हाय ना?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सांगता येत नव्हतं.

आमच्याकडे नवरीच्या आईने लेकीचं लग्न लागताना पाहायचं नाही. मंगलाष्टकं सुरू झाली की ती मागच्या अंगणात तुळशीपाशी बसते आणि अक्षता पडून वाजंत्री वाजेपर्यंत पाणी घालत राहते. माझ्या ताईच्या लग्नात आई अशीच बसली होती. पुढे ताईच्या लग्नाची सीडी आली, सगळं घर टीव्हीपुढे जमलं. आई पोळ्या टाकत होती, पिठाच्या हातांनी तशीच दारात येऊन उभी राहिली. हळद झाली, वरात झाली, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आहेर सुरू झाला. आहेरात तर आमच्या दूधवाल्याचाही फोटो होता. मग आईने अगदी सहज विचारलं, "मी कुठी हाय?"

पोळी करपल्याचा वास आला म्हणून ती आत गेली. मला त्या सीडीचा इतका राग आला होता की मी ती पुन्हा कधी लावली नाही. लेकीच्या लग्नात सगळं गाव होतं आणि आई नव्हती. माझ्या लग्नात असं होऊ द्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

पण हे बाबांना सांगितलं असतं तर आत्याला कळलं असतं आणि तिने तुळशीपाशी कॅमेरा येऊच दिला नसता. आईला सांगितलं असतं तर ती लाजून गोठ्यात जाऊन बसली असती. म्हणून मी नुसता हट्ट धरला. लोणार नको, धूर नको, ड्रोन नको, जाड पानांचा अल्बम नको, पण दुसरा कॅमेरा पाहिजे. आत्याने नाक मुरडलं आणि म्हणाली, "शिकली-सवरली पोट्टी, पन हौस कायची करावं ते समजत नाई."

खामगावचा फोटोवाला एका सकाळी मोटारसायकलवरून आला. तरुण, दाढी कोरलेली, हातात रंगीत पत्रक. त्यात सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे भाव होते. बाबांनी पत्रक उलटंपालटं करून पाहिलं.

"याच्यात पितळी नाई काय?"

"चाचा, तुमच्यासाठी पितळीवर सोन्याचं पानी चढवून देतो," तो म्हणाला. बाबांना तो तिथेच आवडला, पण भाव करायचा असल्यामुळे त्यांनी चेहरा आंबट केला.

मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. मला वाटलं घाम पुसणार. तर त्यांनी तो आपल्या हातावर पांघरला आणि फोटोवाल्याला म्हणाले, "हात दे."

आमच्याकडे बैलबाजारात अजून असा सौदा होतो. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची, दाबायची, भाव आतल्या आत सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. बाबांची त्यात ख्याती आहे. हे पॅन्ट-शर्टातलं पोरगं गोंधळेल आणि आपण स्वस्तात सुटू, असा त्यांचा डाव होता. पोराने निमूटपणे रुमालाखाली हात घातला.

आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. रुमाल हलला. बाबांच्या भुवया वर गेल्या. पुन्हा हलला. पोरगं छताकडे बघत गालात हसत होतं. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आई चहा घेऊन आली आणि ट्रे धरून तशीच उभी राहिली. शेवटी बाबांनी हात बाहेर काढला आणि बोटं झटकली.

"कोनाकडून शिकला बे?"

"आमचे दादाजान बकऱ्यांचे दलाल होते ना, चाचा."

"मंग आधी सांगाचं!" बाबा म्हणाले, आणि एवढं मोठ्याने हसले की बाहेरचा कुत्रा भुंकायला लागला. भाव काही त्यांना फारसा पाडता आला नव्हता, म्हणून त्यांनी बाजाराची दुसरी रीत काढली. "बरं, वरून काय देतं?"

फोटोवाल्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "वरून मोठा पडदा देतो. एलईडी. मांडवात मागं बसनाऱ्याले बी स्टेजवरचं दिसन. ड्रोन मातर नाई बसत याच्यात." दुसरा कॅमेरा बसला होता. मी मनातल्या मनात उडीच मारली.

तो निघताना मी पाणी द्यायच्या निमित्ताने मोटारसायकलपाशी गेले आणि त्याला खरं काय ते सांगितलं. मंगलाष्टकं चालू असताना दुसरा कॅमेरा फक्त आईवर ठेवायचा, मागच्या अंगणात, तुळशीपाशी, आणि कोणाला बोलायचं नाही. त्याने मान हलवली. "ताई, बेफिकर राहा. रडतानाचा असा शॉट घेतो ना, की पाहनारा बी रडन."

लग्नाच्या दिवशी घरापुढेच मांडव होता. स्टेजच्या बाजूला तो पडदा उभा केला होता, जवळजवळ आमच्या कडब्याच्या गंजीएवढा उंच. त्यावर माझं तोंड एवढं मोठं दिसत होतं की नाकातली नथ बैलाच्या वेसणीसारखी वाटत होती. आत्यासुद्धा पडद्यावर खूश होती. दर थोड्या वेळाने ती कॅमेऱ्यापुढून काहीतरी काम असल्यासारखी जायची आणि लगेच वळून पडद्याकडे बघायची.

अंतरपाट धरला. आई तुळशीकडे गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही, हे मला कळलं. कापडाखालून मला फक्त ह्यांच्या पायांची बोटं दिसत होती, तीही थरथरत होती. मला वाटलं, बरं झालं, हेही घाबरलेत.

पहिलं मंगलाष्टक झालं, अक्षता पडल्या. दुसरं सुरू झालं आणि मांडवाच्या मागच्या टोकाला कोणीतरी खुदकन हसलं. मग दोघं-चौघं हसले. मग ते हसू ओळीओळीने पुढे यायला लागलं. मी मान खाली घालून उभी. माझ्या मनात काय काय आलं! मांडवात गाढव शिरलं? ह्यांचं धोतर सुटलं? बायकांतून कोणीतरी ओरडलं, "अवं माय वं, ते पाहा!" भटजींचा सूर डगमगला. मी मान वळवायला गेले तर मागे उभ्या मामांनी दटावलं, "खाली पाह्य!" आणि स्वतः मात्र ते खो-खो हसत होते.

शेवटी मला राहवलं नाही. मी वळून पाहिलं.

पडद्यावर आई होती. फोटोवाल्याने त्याच्या मते लग्नातला सगळ्यात हळवा क्षण सगळ्या गावाला दाखवायला दुसरा कॅमेरा पडद्यावर सोडला होता. त्याला रडणारी आई पाहिजे होती. पण आई तुळशीपाशी नव्हतीच, आणि तिला शोधत कॅमेरावाला तिच्या मागोमाग गेला होता. ती आमच्या कोठीघरात, तेलाच्या रिकाम्या डब्यावर चढून, नवी पैठणी गुडघ्यापर्यंत खोचून, वरच्या खिडकीतून मांडवात बघत होती. एका हाताने गज धरला होता. दुसऱ्या हातात तुळशीचा तांब्या होता, आणि रीत मोडायला नको म्हणून की काय, त्यातून ती पाणी घालतच होती. ते पाणी सरळ खालच्या ज्वारीच्या पोत्यावर पडत होतं. तिला पत्ता नव्हता. तोंड अर्धवट उघडं, डोळे मोठे, आणि ओठ मंगलाष्टकाबरोबर हलत होते. ती रडत नव्हती. मी माझ्या आईला इतकं आनंदात कधीच पाहिलं नव्हतं.

सगळा मांडव वळलेला तिला खिडकीतून दिसला. मग पडदा दिसला. मग पडद्यावरची ती स्वतः दिसली. गंजीएवढी आई दचकली, तिने चटकन डोक्यावर पदर घेतला, आणि मला वाटलं आता उतरणार. पण ती उतरली नाही. पदर नीट केला आणि पुन्हा माझ्याकडे बघायला लागली.

आता सगळे आत्याकडे बघत होते. भटजीसुद्धा. बाबांनी हातातल्या अक्षता घट्ट धरल्या. आत्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि मग एकदम ओरडली, "अवं, डबा डळमळून राह्यला! कोनी तरी धरा ना वं तिले!"

ताई धावली. पडद्यावर ताईचे दोन हात आले आणि त्यांनी डबा धरला. भटजींनी घसा साफ करून असं दणदणीत "सावधान" म्हटलं की वाजंत्रीवाल्यांनी घाईत अष्टकं संपायच्या आधीच वाजवायला सुरुवात केली. अर्ध्या अक्षता आमच्यावर पडल्या आणि अर्ध्या लोकांनी पडद्याकडे उधळल्या. ह्यांनी अंतरपाटाच्या वरून डोकावून मला विचारलं, "झालं का आपलं?" मी हसत होते, रडत होते, मुंडावळ्या तोंडात जात होत्या. झालं की नाही ते मलाही माहीत नव्हतं.

मांडवपरतणीला मी माहेरी आले तेव्हा पेनड्राइव्ह आला होता. सगळे टीव्हीपुढे बसलो. रिमोट बाबांकडे होता, कारण त्यांना आहेर बघायचा होता. आई पुन्हा पिठाच्या हातांनी आली, पण या वेळी दारात उभी राहिली नाही. ती सरळ पुढे येऊन बाबांना खेटून बसली.

"हे हळदीचं ढकला पुढं," ती म्हणाली. "माझं येऊ द्या."

तिचं आलं. डबा, तांब्या, भिजलेलं पोतं, सगळं आलं. घर हसून लोळत होतं. आत्या म्हणत होती, ड्रोन असतं तर वरून अजून छान दिसली असती. पोळी करपल्याचा वास आला, पण कोणी उठलं नाही. आहेर सुरू झाला तसे बाबा पुढे सरकून बसले, तर आईने त्यांच्या हातावर पिठाचा हात ठेवला.

"मागं घ्या अजून एक डाव."

"कितीकदा पाह्यतं वं?" बाबा म्हणाले. "लगन तं तू खिडकीतूनच पाह्यलं ना?"

"लगन पाह्यलं," आई म्हणाली. "मी तिले कशी पाहून राह्यली होती, ते नाई पाह्यलं."

बाबांनी आहेर सोडून दिला आणि रिमोटचं मागे जायचं बटण दाबलं.