नव्याचे पोहे

देवीला न्यायचे पोहे मी वाटेतच खाऊन टाकले. चिमूटभर चाखून पाहिले असंही नाही. बोदलकसा तलावाच्या पाळीवर, बांधावर बसून, फडक्याला चिकटलेले कण बोटानं टिपून टिपून, सगळे खाल्ले. एकोणसाठ वर्षांच्या, चार माणसांत ऊठबस असलेल्या गृहस्थानं केलेली ही गोष्ट आहे. खरं तर लपवून ठेवावी अशीच; पण त्या दिवशी मला जे मिळालं ते याच मूर्खपणाच्या दारानं आत आलं, म्हणून सांगतो.

आमच्या घराण्यात लवकर पिकणारा हलका धान आधी कापतात आणि त्या पहिल्या धानाचे पोहे कांडून, गुळाच्या खड्यासोबत कोऱ्या फडक्यात बांधून, गोरेगावकडच्या टेकडीवरच्या देवीला नेतात. नेणाऱ्यानं तोंडात काही घालायचं नाही आणि पुरचुंडी भुईला टेकवायची नाही. अर्धे पोहे देवीपाशी राहतात, अर्धे घरी परत येतात. ते घरच्यांच्या जिभेवर पडले की मगच चुलीवर नव्या तांदळाचा भात चढतो. याला आम्ही नुसतं 'नवा' म्हणतो. दिवाळीच्या आगेमागे बाजारात माणसं भेटली की विचारतात, "झाला का तुमचा नवा?"

वडील होते तोवर नवा सायकलनं जायचा. तिरोड्याच्या अलीकडे, वैनगंगेच्या अंगाला आमचं गाव. पहाटे निघायचं, ती काळी जड सायकल, तिच्या दांड्यावर दुपट्टा गुंडाळून त्यावर मी. तिरोड्याच्या बाजारात कवेलूंच्या छपराखाली दुकानं उघडत असायची. लोहार विळ्यांना दाते पाडत बसलेला, पलीकडे कढईत आलूभोंडे तळले जायचे आणि वडील नेमके तिथंच उतरून कुणाशी तरी धानाच्या भावावर बोलत उभे राहायचे. उपास त्यांचा असायचा, पण "बरोबरच्यानंही पाळावा" असा नियम त्यांनी केवळ माझ्यासाठी काढला होता. मी लाळ गिळत बसायचो. पुढे रस्ता जंगलात शिरायचा, मग पुन्हा उतार, पांगोली नदीच्या अंगाची पिवळी शेतं, आणि उतारावर पाय सोडून वडील जे गुणगुणायचे ते मला आजही पाठ आहे, शब्द सोडून. ते गेल्यावर नवा माझ्याकडे आला आणि मी तो मोटारसायकलवर घातला. जाऊन-येऊन दोन तासांत उरकायचो. डाकेचं पाकीट टाकून यावं, तसं.

यंदा आईनं घाबरवलं. पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला, तो उतरला, पण त्यासोबत तिची भूकही उतरली. दोन घोट पेज, अर्धा चमचा वरण, की पुरे. पंच्याऐंशीचं शरीर, उचललं तर पाखरागत हलकं. डॉक्टर म्हणाले, "सलाईन किती दिवस लावणार? पोटात अन्न गेलं पाहिजे." आम्ही सगळ्यांनी विनवून पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणाली, "नवा आला का खाईन." मी एरवी देवाधर्माचा फारसा माणूस नाही. पण त्या रात्री मनात आलं, इतकी वर्षं मी देवीला नवा दिला की नुसता पोचता केला? दुसऱ्या दिवशी जाहीर करून टाकलं की यंदा नवा सायकलनं जाईल, वडील न्यायचे तसा.

पोरगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याची गिअरची सायकल घरीच राहिली होती. तिच्यासोबतची तंग अर्धी विजारही होती. ती मी वर पायजमा चढवून घातली. लाज राखायला, म्हणजे कमी करायला. डोक्यावर पोराचं शिरस्त्राण. तिरोड्याच्या बाजारात एका पानठेलेवाल्यानं ओळखून हाक मारली, "क्या काका, चुनाव में खड़े हो रहे क्या?" मी मोठ्या ऐटीत हात हलवला. ऐट त्या चौकापुरतीच टिकली. कारण निघताना मी आणखी एक शहाणपणा करून आलो होतो. मला मधुमेह आहे; साखरेची गोळी बायकोच्या हातून घेऊन गिळली होती आणि ती "आता दोन घास तरी खाऊन जा" म्हणत असताना उपास आहे म्हणून तसाच निघालो होतो. गोळी घ्यायची तर खायला हवं आणि खायचं नसेल तर गोळी नको, एवढं आमच्या घरच्या मांजरालाही कळतं.

सकाळ मात्र फार सुरेख होती. दोन्हीकडे पिकलेला धान, बांधांवर अजून हिरवीच असलेली उंच तूर, आणि गारवा. प्रत्येक वळणावर मला वडिलांची पाठ दिसत नव्हती, कारण मी नेहमी त्यांच्या पुढे बसलेलो असायचो. दिसत होते ते हँडलवरचे त्यांचे दोन हात. बोदलकसाच्या तलावाजवळ पोचलो आणि माझे स्वतःचे हात थरथरू लागले. आधी वाटलं, भावना दाटून आल्या. मग घाम फुटला, पाणी आणि आभाळ एकमेकांत मिसळलं, तेव्हा कळलं की भावना नव्हे, साखर उतरली. फोनला रेंज नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सायकल आडवी झाली, मी पाळीवर बसलो आणि पुरचुंडी तेवढी छातीशी धरून ठेवली, भुईला लागू नये म्हणून.

किती वेळ गेला माहीत नाही. समोर एक बाई उभी होती. पन्नाशीची, ओलं लुगडं खोचलेलं, डोक्यावर मासळीची टोपली.

"काऊन जी दादा, सकारपासूनच ढोसली का?"

"साखर... उतरली," मी कसंबसं म्हणालो.

"मंग खा ना काही. हे फडक्यात का हाय?"

"देवीचे पोहे आहेत. नव्याचे."

"देवी का उपाशी मरून राहिली? मरून त तुमी राहिले."

एवढं बोलून तिनं टोपली उतरवली, हात पदराला पुसले, माझ्या मुठीतून पुरचुंडी ओढून गाठ सोडली आणि गुळाचा खडा सरळ माझ्या तोंडात कोंबला. मागून पोहे. पहिला घास तिनं भरवला हे खरं. पण साखर उतरलेल्या माणसाची भूक म्हणजे वणवा. पुढचे सगळे घास माझे मीच घेतले. डोळ्यांपुढचा पडदा सरला तेव्हा ती माझ्याकडे बघत होती.

"बापा! सप्पाच खाल्ले!"

मी रिकाम्या फडक्याकडे पाहिलं आणि मला रडू आलं. देवी रागावेल याचं नव्हे. घरी भिंतीकडे तोंड करून एक म्हातारी वाट पाहत होती, आणि तिचा घास मी गिळला होता. हे सगळं मी त्या अनोळखी बाईला हुंदके देत सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "येथंच बसा, सायकलले हात नका लावू," म्हणाली आणि पाळीखालच्या घरांकडे चालू पडली. टोपली माझ्यापाशीच ठेवून गेली. मी मासळीवर बसणारे कावळे हाकत राहिलो. त्या दिवशी माझ्या हातून नीट झालेलं तेवढं एकच काम.

परत आली तेव्हा तिच्या हातात पळसाच्या पानांत बांधलेली पुडी होती. तीही नव्याचीच. तलावाखाली त्यांचा धानाचा एक तुकडा आहे, देवीही तीच. पण नवऱ्याचा पाय अधू झाल्यापासून दोन वर्षं त्यांच्या घरून कुणी टेकडीवर गेलंच नव्हतं. "आज सकारीच पाण्यात उतरताना म्हटलं, माय, माहा नवा न्याले कोणी त धाड," ती म्हणाली. मग मला आपादमस्तक न्याहाळून पुढे म्हणाली, "आता तिनं जे धाडलं ते धाडलं. न्या."

मी यावर काही सिद्ध करायला बसलेलो नाही. तालुक्यात नवा नेणारी घरं पुष्कळ, मासळीला उतरणाऱ्या बायाही पुष्कळ. मला फक्त एवढं ठाऊक आहे, की उरलेली वाट मी हळूहळू, पायडलगणिक जपून कापली आणि टेकडीच्या पायऱ्या चढलो तेव्हा माझं म्हणून माझ्याकडे काहीही उरलेलं नव्हतं. उपास मोडलेला, नैवेद्य दुसऱ्याच्या शेतातला, मागणंही त्या बाईचंच. इतकी वर्षं मी देवीसमोर हात जोडले की मनात यादी सुरू व्हायची. त्या दिवशी यादी आठवेना. पुडी ठेवली आणि म्हणालो, "हे त्या बाईचं. माझं काय करायचं ते तू बघ." एवढं सोपं वाक्य म्हणायला मला एकोणसाठ वर्षं लागली. पुजाऱ्यानं अर्धे पोहे ठेवून घेतले, अर्धे त्याच पानात परत दिले.

येताना पाळीखालच्या त्या घरी थांबलो. तिनं पुडीतून दोन चिमट्या काढून घेतल्या, एक नवऱ्याला दिली, एक स्वतः खाल्ली आणि बाकीची पुडी माझ्या खिशात घातली. मी नको नको म्हणत होतो. "म्हातारीले द्या," एवढंच बोलून ती चुलीकडे वळली. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

दुपार कलता घरी पोचलो. मी आईला उठवून बसवलं आणि आधी चिमूटभर पोहे तिच्या जिभेवर ठेवले. तिनं ते बराच वेळ घोळवले. मग भात मागितला. बायकोनं नव्या तांदळाचा मऊ भात टाकला. आईनं तो वाटीभर खाल्ला, थांबली, आणि वाटी पुन्हा पुढे केली. बायकोनं तोंडाला पदर लावला. मला ते सुख पचेना, म्हणून मी खाली मान घालून सगळं कबूल केलं: गोळी, पाळ, फडकं, ती बाई, सगळं. देवाच्या मनात असेल तर तो आपल्या चुकांचाही रस्ता करून घेतो, आपण फक्त आडवं पडून आड येऊ नये, असं काहीतरी मोठं वाक्यही मी म्हणालो.

आईनं शांतपणे दुसरी वाटी संपवली, तोंड पुसलं आणि सुनेकडे वळून म्हणाली, "पुढच्या सालपासून याले नको धाडू वो. नुसती सायकल धाड. ते वाटेत खात त नाही."